चौकोनी भोकांचं जाळं आणि गुळाची काहील

मी कोल्हापूरला गेले ती देवीच्या दर्शनाला नव्हे, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून बंदरावरची प्रत्येक बाई विचारते, "दर्शन नीट झालं ना?" नाही झालं. देवळाचा कळससुद्धा मी पाहिला नाही. मी गेले होते मासेमारीचं जाळं शिवून आणायला. समुद्रकाठी जन्म काढलेली बाई जाळ्यासाठी घाट चढून उसाच्या मुलखात जाते, म्हणजे हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं अर्ध्या बंदराचं मत होतं. उरलेल्या अर्ध्याचंही तेच होतं, फक्त ते माझ्या तोंडावर बोलले नाहीत.

आमची एक ट्रॉलर आहे. माझा नवरा तिचा तांडेल, म्हणजे बोट त्याच्या हुकमाने चालते. ट्रॉलरचं जाळं ही बोटीमागे ओढत न्यायची एक प्रचंड थैली असते. पुढे तोंड रुंद, मागे निमुळती होत जाते आणि शेवटी एक पिशवी, जिच्यात सगळा मासा साठतो. त्या पिशवीला आम्ही खोळा म्हणतो. आमच्याकडच्या खोळ्याची भोकं शंकरपाळ्याच्या आकाराची असतात. जाळं हातात धरलं तर त्यातून दोन बोटं सहज जातात. पण बोट ओढायला लागली की शंकरपाळ्याची दोन टोकं ताणली जातात आणि भोक मिटतं. मग करंगळीएवढा मासासुद्धा बाहेर पडत नाही.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी वीस वर्षं धक्क्यावर बसून मासळी निवडते आहे. मोठा मासा टोपलीत, पिल्लं खताच्या ढिगात. टोपली दरवर्षी लहान होते आहे आणि ढीग वाढतो आहे. नखाएवढी म्हाकुलं, बोटाएवढ्या सुरमया माझ्या या हातांनी मी खतात टाकल्या आहेत. त्याची मला लाज वाटते आणि रागही येतो.

तेच भोक चौकोनी ठेवलं, म्हणजे धागे ओढीच्या दिशेने सरळ धरले, तर ते मिटत नाही. लहान मासा निसटून जातो. कायदाही तेच सांगतो. पण आमच्या बंदरावर कायदा भिंतीवर चिकटवलेला आहे आणि खोळे शंकरपाळ्याचेच आहेत. जाळी विणणाऱ्या तिघांना मी विचारलं. एकाला वेळ नव्हता, दुसऱ्याकडे धागा नव्हता. तिसरा खरं बोलला, "तुझं एक शिवलं तर बाकीच्या बोटींची कामं जातील माझी."

घरात तर रोजचं भांडण. "मासा सोडून द्यायचा तर समुद्रात जायचं कशाला?" हा नवऱ्याचा मुद्दा. मग जानेवारीत बोटीचं इंजिन दुरुस्तीला निघालं आणि बोट आठ दिवस धक्क्याला लागली. तेव्हा तो म्हणाला, "आठ दिवस तुझे. आण तुझं चौकोनी जाळं. नाही जमलं तर मी जुन्या जाळ्याने जाणार आणि हा विषय या घरात परत निघणार नाही."

मी म्हटलं, चालेल. आमची मासळी कोल्हापूरला नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं की पेठ वडगावात एक बाई फुटबॉलच्या गोलची जाळी हाताने विणते आणि तिची भोकं चौकोनी असतात. मी धाग्याची रिळं आणि जुन्या खोळ्याचा एक तुकडा पोत्यात भरला आणि एसटी पकडली.

पेठ वडगाव

जाळी विणणाऱ्या त्या बाईचं, शालनअक्कांचं, घर शोधायला लागलं नाही. बाजारात ज्याला विचारलं तो मोठ्याने ओरडूनच सांगायचा. आधी मला वाटलं, माझं काही चुकलं की काय. नंतर कळलं, इथे प्रेमाने बोलायचा आवाजही तोच आहे.

"या पावणं! कुठनं आलासा? बसा की, उभं का?" साठीच्या, उंच, नाकात चमकी घातलेल्या शालनअक्का दारातच जाळ्यात पाय पसरून बसल्या होत्या. "थांबा, मी च्या ठेवतो." इथल्या बायका स्वतःबद्दल येतो, जातो, करतो असं पुरुषासारखं बोलतात. आमच्याकडे असं बोलणाऱ्या पोरीला आजीने धपाटा घातला असता. मला मात्र ते ऐकायला फार बरं वाटलं आणि दुसऱ्या दिवसापासून मीही तसंच बोलायला लागले.

अक्कांच्या घरात जिकडेतिकडे जाळी. फुटबॉलची, व्हॉलीबॉलची, क्रिकेटच्या सरावाची. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड केवढं आहे हे किनाऱ्यावर बसून कळायचं नाही. पेठापेठांच्या संघांसाठी माणसं हमरीतुमरीवर येतात. "जाळं फाटलं की मॅच थांबती," अक्का म्हणाल्या, "आन् मॅच थांबली की माझ्या नावानं बोंब. म्हणून माझं जाळं फाटत न्हाय."

मी जुन्या खोळ्याचा तुकडा काढून ताणून दाखवला. भोकं मिटली. अक्कांनी ते पाहिलं, आपल्या पदराचं टोक धरलं आणि कापड तिरकं ओढलं. पदर लांबला आणि अरुंद झाला. मग त्यांनी तोच पदर धाग्याच्या दिशेने सरळ ओढला. पदर जागचा हलला नाही. "ह्येच की नव्हं?" त्या म्हणाल्या. जी गोष्ट मी वर्षभर नवऱ्याला समजावत होते ती या बाईने एका पदरात उरकली. मला हसू आलं आणि थोडं रडूही आलं.

पण होकार त्यांनी लगेच दिला नाही. हंगामाचे दिवस, हातात तीन संघांची कामं. "बघू सकाळी," म्हणाल्या. आणि समुद्राकडची पाहुणी आली म्हणून त्यांनी मुद्दाम बाजारातून मासे मागवले. कांदा-लसूण मसाल्याचा लालभडक रस्सा, बरोबर भाकरी. आमच्याकडे माशाला कोकम आणि नारळ, इथे माशालाही मटणाची वागणूक. वास झकास येत होता. मी ताटात पाहिलं तर बोटाएवढे बांगडे. बर्फात दोन-तीन दिवस काढलेले, पोट फुटलेले.

मला घास घेववेना. अक्कांच्या ते लक्षात आलं. "काय झालं? तिखट हाय व्हय?"

"नाही अक्का. ही बांगड्याची पिल्लं आहेत. वाढली असती तर याच्या चौपट झाली असती. कदाचित आमच्याच बंदरावरची असतील. कदाचित मीच निवडली असतील."

पाहुणीने यजमानाच्या जेवणाला नाव ठेवणं हा अपमानच, आणि तो मी पहिल्याच दिवशी केला. अक्कांनी ताट उचललं, मला झुणका-भाकरी वाढली आणि त्या झोपायला गेल्या. मी मात्र बराच वेळ स्वतःला शिव्या देत पडून राहिले.

सकाळी उठले तर अंगणात अक्का आणि तीन शेजारणी माझीच रिळं सोडून बसल्या होत्या. "उठलासा? या हिकडं," अक्का म्हणाल्या. "गोल थांबत्याल चार दिस. पोरं काय मरत न्हाईत."

कोपऱ्यापासून

आमच्याकडे जाळं सरळ ओळीने सुरू होतं आणि ओळीखाली ओळ उतरत जाते. त्याची भोकं आपोआप शंकरपाळ्याची होतात. अक्का कोपऱ्यापासून सुरू करतात. पहिल्या ओळीला एक घर, म्हणजे एक भोक, पुढच्या प्रत्येक ओळीला एक वाढवायचं. हवी तेवढी रुंदी झाली की एका बाजूला वाढवायचं, दुसऱ्या बाजूला कमी करायचं. एवढाच फरक, पण माझ्या हाताला तो पचेना. जन्मभर सरळ विणलेलं, सुई सारखी जुन्या वाटेने जायची. अक्का माझी ओळ उसवायच्या आणि म्हणायच्या, "परत." किती वेळा म्हणाल्या असतील, देव जाणे.

दोन दिवस पाच बायकांनी विणलं. येणारा-जाणारा विचारायचा, "कुठल्या मैदानाचं जाळं, अक्का?" अक्का म्हणायच्या, "समुद्राचं." लोकांना ती थट्टा वाटायची.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. अक्कांचे दीर दिनकरराव यांच्या शेतात मोठं शेततळं आहे आणि त्यात त्यांनी रोहू-कटला सोडले आहेत, लहान-मोठे सगळे मिसळून. जुन्या बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे वरचं लोखंडी कडं, आणून आम्ही ती खोळ्याच्या तोंडाला बांधली, म्हणजे तोंड उघडं राहील. दोराचं दुसरं टोक बांधावरच्या ट्रॅक्टरला. दिनकररावांना माशांची नाही, तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकची काळजी होती. "फाटलं तर तुमच्या तांडेलाला हितं आणून बसवीन," ते म्हणाले. निम्मं गाव जमलं होतं. मी नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, कारण त्याने नंतर शंका काढायला नकोत.

ट्रॅक्टर ओढायला लागला. खोळा पलीकडच्या काठाला बाहेर आला. त्यात मोठे रोहू होते, आणि बोटाएवढी शेकडो पिल्लंही तडफडत होती. जुन्या खोळ्यापेक्षा एकही कमी नसेल. आम्ही ती घाईघाईने पाण्यात सोडली. गावातलं कोणीतरी म्हणालं, "ह्यात काय निसटलं? पाणी?" आणि सगळे हसले.

फोनमधून नवरा म्हणाला, "झालं? ये आता घरी."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तसा असता तर मी भांडले असते. त्या शांत आवाजाशी भांडता येईना, कारण शब्द माझाच होता. मी फोन बंद केला आणि खोळा घेऊन बांधावर बसले. लोक पांगले. मग मी भोकं एकेक करून बघायला लागले. एक भोक मूठ जाईल एवढं, शेजारचं पार मिटलेलं. चौकोन वाकडे झाले होते. गाठी धाग्यावरून सरकल्या होत्या.

"अक्का, तुमच्या गाठी सरकतात."

"सरकणारच की. मऊच ठेवतो आमी. गोलकीपर जाळ्यात पडला तर अंगाला लागाय नको पोरगं."

आणि मी कपाळावर हात मारला. चूक अक्कांची नव्हतीच. आमच्याकडे जाळ्याच्या गाठी घट्ट बसलेल्या असतात, हे मला इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं मला सुचलंच नाही. गोलच्या जाळ्यावर चेंडू येतो आणि थांबतो. आमच्या जाळ्यावर सगळा समुद्र तासन्‌तास ओढ घेतो. वडील नवं नायलॉनचं जाळं आणलं की ते ताणून उकळत्या पाण्याच्या पिंपात बुडवायचे, मगच समुद्रात न्यायचे. उकळल्यावर गाठ बसते ती बसते.

"मग उकळू की," अक्का म्हणाल्या. पण खोळा ताणून बुडवायचा तर भांडं केवढं लागेल? लग्नाचं पातेलंही पुरणार नव्हतं. दिनकरराव मघापासून तळ्याच्या प्लास्टिकभोवती फेऱ्या मारत होते. ते थांबून म्हणाले, "आप्पांची काहील हाय की."

हातकणंगल्याच्या वाटेवरचं गुऱ्हाळ

आप्पा हे जैन शेतकरी. सत्तरीचे, पांढरी टोपी, हातकणंगल्याच्या वाटेवर त्यांचं गुऱ्हाळ. उसाचा रस आटवायची काहील म्हणजे चुलवाणावर बसवलेली लोखंडी कढई, चार माणसं आत मांडी घालून बसतील एवढी. गुऱ्हाळावर गोड वाफ, चिपाडांचे ढीग आणि मधमाश्यांचा नुसता कल्लोळ. आम्ही गेल्या गेल्या आप्पांनी हातावर गरम गूळ आणि शेंगदाणे ठेवले. मी पोतं बाहेर झाडाखाली ठेवलं होतं, कारण मासे न खाणाऱ्या माणसाच्या दारात माशाचं जाळं घेऊन कोणत्या तोंडाने जायचं? पण अक्कांना आडपडदा ठाऊक नाही.

"आप्पा, जाळं उकळायचंय तुमच्या काहिलीत. माशाचं."

चुलवाणाजवळचा गुळव्या, म्हणजे गूळ पाडणारा कारागीर, हातातलं फावडं टाकून बघायला लागला. आप्पा मला म्हणाले, "पावणं, तुमाला माहीत हाय न्हवं आमी कोण ते?"

"माहीत आहे. पण हे जाळं लहान मासा सोडून देतं. तेवढ्यासाठीच केलंय."

"आन् मोठा?"

"मोठा धरतं. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. त्यावर माझं घर चालतं."

आप्पांनी चिपाडांची एक मूठ चुलवाणात सारली. मी उठायच्या तयारीत होते. मग त्यांनी विचारलं, "बारका किती सुटंल?"

"मला नक्की माहीत नाही. आज एकही सुटला नाही. म्हणून तर आलो."

"मोठ्याचं तुमचं तुमच्याकडं," ते म्हणाले. "जुनी काहील पडलीया मागं, ती घ्या. पर एक सांगतो. मी धरायला मदत करत न्हाय, सोडायला करतोय. बंदरावर माझं नाव निघालं तर असंच सांगायचं."

त्यांचं सगळं मला पटलं असं नाही. मी मासे खाते, खाणार आणि विकणारही. पण बंदरावर माझ्या बाजूचे म्हणवणारे लोकही माझ्याशी इतकं सरळ कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोखंडी कॉटची चौकट आणली, तिच्यावर जाळं चारी बाजूंनी ताणून बांधलं आणि तुकड्या-तुकड्याने उकळत्या पाण्यात बुडवलं. आधी नुसता बघत राहिलेला गुळव्या नंतर स्वतःच आम्हाला बाजूला सारून दोर ताणायला लागला. "असं व्हय ओढत्यात? भाकरी खात न्हाईसा काय?" माझ्या हाताला दोन ठिकाणी भाजलं आणि एक मधमाशी मानेला चावली. काहिलीला चिकटलेल्या जुन्या गुळाने जाळ्याचा रंग तपकिरी झाला. दिवस मावळायच्या आत आप्पांनी सगळ्यांना जेवायला बसवलं, कारण त्यांच्याकडे अंधार पडल्यावर जेवत नाहीत. आमच्याकडे बोट येईपर्यंत चूल पेटत नाही. इतक्या उजेडात मी लग्नानंतर पहिल्यांदाच रात्रीचं जेवले.

परत तळ्यावर

या वेळी मी गावाला बोलावलं नव्हतं, तरी आलेच. फोनवर नवरा. "हे काय, चहात बुडवलंस काय जाळं?" मी ट्रॅक्टरवाल्याला हात केला.

ट्रॅक्टर निघाला. खोळा तळ्याच्या मध्यावर आला तेव्हा अक्का एकदम ओरडल्या, "बघा, बघा की मागं!" खोळ्याच्या मागचं पाणी चमकत होतं. भोकांतून बोटाएवढी पिल्लं बाहेर पडत होती, एकामागून एक, अगदी घाईत. काठाला खोळा उघडला तर आत मोठे रोहू आणि भोकात मान अडकलेली चार-पाच पिल्लं. ती आम्ही हाताने सोडवली. मी एकेक भोक फोनसमोर धरलं. सगळे चौकोन जागच्या जागी होते.

नवऱ्याने फोन डोळ्यांजवळ नेला, पडद्यावर नुसतं त्याचं कपाळ दिसायला लागलं. मग तो म्हणाला, "तळं आहे ते. समुद्रात बघू."

"बघू की," मी म्हटलं.

निघताना अक्कांनी सुई आणि मोजपट्टी माझ्या पिशवीत टाकली. मी नको म्हणाले तर ओरडल्या, "आता शिवाय येतंय न्हवं? मग परत कशाला येतासा? आलासा तर जेवाय या."

घरी

बंदरावर बातमी माझ्याआधी पोचली होती. बोटमालकांपैकी दोघे धक्क्यावर आले आणि विचारू लागले की हे कोणी शिवलं. मी म्हटलं, मी. ते म्हणाले, असली खुळं एकाने केली की उद्या सगळ्यांच्या गळ्यात येतात, जाळं कापलं गेलं तर आम्हाला विचारू नकोस. मी म्हटलं, कापा. आठ दिवसांत दुसरं शिवीन, तेही कापा, तिसरं शिवीन. माझ्याकडे सुई आहे.

आणि मी बोटीवर चढले. आमच्याकडे मासेमारीला जाणाऱ्या बोटीवर बाई चढत नाही. खलाशांनी तांडेलाकडे पाहिलं. तांडेलाने इंजिनाकडे पाहिलं. मी टोपल्यांशेजारी बसूनच घेतलं.

दोन तासांनी जाळं ओढलं. खोळा बोटीच्या कडेला आला तेव्हा भोवतीच्या पाण्यात चांदीसारखी बारीक मासळी पळत होती. खोळा डेकवर रिकामा केला. ढीग नेहमीच्या निम्मा. पण त्यात खतात टाकण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. बांगडे, म्हाकुलं, दोन सुरमया, सगळी टोपलीची मासळी. वायरलेसवर शेजारच्या बोटीचा तांडेल विचारत होता, "काय रे, घाटावरनं गूळ आला का जाळ्यात?" आमचे खलाशीही हसले. त्यांचं पोट या ढिगावर आहे, त्यांना मी दोष देत नाही.

नवरा ढिगापाशी उकिडवा बसला. एक बांगडा उचलला, तळहातावर ठेवून वजन पाहिलं, खाली ठेवला, दुसरा उचलला. थोरला खलाशी म्हणाला, "तांडेल, जुना खोळा खाली आहे. बदलू काय?"

मी समुद्राकडे बघत राहिले. शब्द दिला होता. तो 'बदल' म्हणाला असता तर मी एक अक्षर बोलणार नव्हते.

मासा ओतायला सोडलेला खोळ्याचा तळ पुन्हा बांधायची गाठ आमच्या बोटीवर तांडेलच मारतो, दुसऱ्या कोणाचा हात तिला लागत नाही. तो उठला, तपकिरी खोळ्याचा तळ गोळा केला, दोर हातात घेतला. मग माझ्याकडे आला आणि दोर माझ्यापुढे धरला.

"बांध," तो म्हणाला. "घट्ट बांध. परत टाकायचंय."